दांड्याखालची वीत

राईड निवडताना लोकांना वाटतं रंग बघतात, वेग बघतात. आम्ही आधी पोट बघतो. म्हणजे बघायला हवं. मी बघितलं नाही.

पनवेलहून नेऱ्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला आमचं पार्क आहे. मोठं नाही. पनवेल, उरण, खोपोलीकडची माणसं येतात, एका टेम्पोत तीन-तीन घरं. गेटच्या आत डबा चालत नाही म्हणून टेम्पोच्या सावलीत चटया पसरून सकाळी अकरालाच जेवून घेतात आणि मग आत शिरतात. आजीला आकाशपाळण्यात बसायचं नसतं, पण तिला एकटीला खाली ठेवायचंही नसतं. नात रडते, सून चिडते, शेवटी सगळे मिळून छोट्या आगगाडीत बसतात. अशा माणसांसाठी राईड निवडायचं काम गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. शेठ म्हणतात, 'साहेबांना फॅमिली कळते.' मी मान हलवतो. मुळात मी कमी बोलणारा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक चांगलंच धरून चालतात. त्याचा मी आजवर पुरेपूर फायदा घेतला.

गेल्या महिन्यात एका राईड बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. लॅपटॉप उघडून त्याने शेठना चित्रं दाखवायला सुरुवात केली. गोल रुळावर उंचसखल धावणारी बाकं, प्रत्येक बाकावर आई-बाप आणि मध्ये मूल, तिघांवर मिळून एकच आडवा दांडा.

'सर, इंडियन फॅमिली को साथ में बैठना है,' तो म्हणाला. 'अलग-अलग सीट में वो मजा नहीं.'

शेठ टेबलावर थाप मारून हसले. 'अरे, हे तर आमच्या साहेबांचं वाक्य! बारा वर्षांपूर्वी यांनीच लिहून दिलं होतं मला.'

मी हात धुवायचं निमित्त करून उठलो. परत आलो आणि म्हणालो, प्रत्येकाला वेगळा दांडा असेल तरच बोलू. शेठ त्या माणसाला कौतुकाने म्हणाले, 'बघा, सेफ्टीच्या बाबतीत हा माणूस ऐकत नाही.'

ते कौतुक घशाखाली उतरेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

बारा वर्षांपूर्वी आम्हाला अशीच एक राईड घ्यायची होती. गुजरातेत कारखान्याच्या आवारात मी दोन नमुने पाहिले. गोल रूळ, चढ-उतार दोन्हीत सारखेच. एकात सुटी आसनं आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्वतंत्र दांडा. दुसऱ्यात सलग बाक आणि बाकभर एकच दांडा. बाकाचा नमुना स्वस्त होता हे खरं, पण शेठ तेव्हा पैशाला मागे हटत नव्हते. मला जे आवडलं ते वेगळंच होतं. आपल्याकडे मूल आईला चिकटून बसतं, ते एकटं आसनात बसवलं की रडतं, असं मला वाटलं आणि ते मी नोटमध्ये छान शब्दांत लिहिलं. खाली 'एक बाक, एक कुटुंब' अशी ओळ टाकली. शेठना ती इतकी आवडली की त्यांनी तिचा बोर्डच रंगवून घेतला. आयुष्यात माझं कुठलंच वाक्य कुणी रंगवून घेतलं नव्हतं. राईड यायच्या आधी तो बोर्ड उभा राहिला आणि मी जाता-येता तो वाचायचो.

राईड बसवली आमच्या फिटरमामांनी. मामा जवळच्याच गावचे. आमचं पार्किंग आहे ती जमीन त्यांच्या घरची, भाताची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला साहेब म्हणायचे आणि तोंडावर बोलायला कधी कचरायचे नाहीत.

नवी राईड आधी वाळूच्या गोण्या घालून चालवतात. माणसाच्या वजनाची गोणी प्रत्येक जागेवर ठेवायची, दांडा लावायचा, शंभर फेऱ्या मारायच्या. आम्ही सगळ्या गोण्या एकाच मापाच्या भरल्या होत्या. दांडा सगळ्यांवर सपाट टेकला. गोण्या जागच्या हलल्या नाहीत. मी वहीत 'उत्तम' असं लिहिलं.

मामा रुळाजवळ उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, 'साहेब, गोन्या भरल्यात एका मापाच्या. घरातली मानसं एका मापाची असतात का?'

'म्हणजे?'

'यो दांडा जाड्याच्या पोटाव टेकनार नि थांबनार. शेजारी बारकं पोर असंल तं त्याच्या मांडीव नुसती हवा. ते मोकलंच र्‍हाईल.'

मला ते लगेच कळलं. कळायला काही अवघड नव्हतंच, लाकडी फळीखाली नारळ आणि लिंबू ठेवून पाहावं इतकं सोपं होतं. पण कारखान्याने पाठवलेल्या कागदावर सही-शिक्का होता, बोर्ड उभा होता आणि पूजा चार दिवसांवर आली होती. मी म्हणालो, 'मामा, कारखानावाल्यांनी विचार केला असेल ना.'

'त्यांनी केला असंल,' मामा म्हणाले. 'तुमी केलात का, ते इचारतोय.'

मी हसलो आणि पुढे गेलो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवी राईड लोकांसाठी उघडायच्या आधी पूजा होते, नारळ फुटतो आणि पहिल्या फेरीत घरचीच माणसं बसतात. ज्याने राईड निवडली त्याचं कुटुंब सगळ्यात पुढे. शेठच्या वडिलांनी घालून दिलेला हा नियम. दुसऱ्याची पोरं बसवायच्या आधी आपली बसवायची. यात काही चुकीचं नाही. मला आजही तो नियम पटतो.

माझी बायको उरणकडची, मोऱ्याच्या बाजूची. तिच्या माहेरी मिठागरं होती. त्या घरातल्या बायका अंगाने भरलेल्या आणि आवाजाने मोकळ्या. लग्नात माझे मित्र मला चिडवायचे की तू हिच्या सावलीत बसायला लग्न केलंस. तीही ऐकून हसायची. तांदळाच्या भाकरीवर तळलेली मांदेली घेऊन ती ओट्याशी उभ्या-उभ्याच जेवायची आणि म्हणायची, 'बसून खाल्लं तर अंगाला लागतं, असं खाल्लं की मोजत नाहीत.'

त्या दिवशी ती मोरपंखी साडी नेसून आली होती. मुलगी सात वर्षांची, काडीसारखी. माझ्यावर गेलेली.

'मी बसले तर राईडचा तोल जाईल हां, आधीच सांगून ठेवते,' बायको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

'वहिनी, मशीन चार टनाचं आहे,' शेठ म्हणाले.

'मग बरोबरीचा सामना आहे.'

सगळे हसले. भटजीही हसले. दोघी पहिल्या बाकात बसल्या. मुलगी आतल्या बाजूला, आई बाहेर. दांडा मी स्वतःच ओढला. तो बायकोच्या पोटाला टेकला आणि खटकन् बसला. पॅनेलवर हिरवा दिवा लागला.

मुलीची मांडी आणि दांडा यांच्यामध्ये एक वीत जागा होती.

ती वीत मी पाहिली. पुढचं काही लिहिण्याआधी एवढं एक वाक्य लिहून मोकळं व्हायचं होतं, कारण बारा वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो की गर्दी होती, उन्हाने डोळे दिपले होते, नीट दिसलं नाही. गर्दी नव्हती. डोक्यावर मांडव होता. मला नीट दिसलं. एक क्षण माझा हात दांड्यावरच राहिला. शेठ हातात नारळाची वाटी घेऊन उभे होते. मामा पलीकडे खांबापाशी होते आणि त्यांची नजर माझ्यावर होती. आता थांबवलं तर सगळ्यांसमोर म्हणावं लागेल की माझ्याच बायको-मुलीला ही राईड चालत नाही. मी मागे सरलो आणि ऑपरेटरला हात केला.

रुळावरच्या चौथ्या चकरेत उतारावर मुलगी बाकावरून उचलली गेली. ब्रेक लागले तशी ती पुढे सरकून दांड्याखाली गेली आणि तिचा डावा हात दांडा आणि बाकाची कड यांच्या मध्ये सापडला. बायकोने तिला एका हाताने धरून ठेवलं होतं, फ्रॉकच्या पट्ट्याला. तो पट्टा सुटला असता तर पोर रुळावर गेली असती. म्हणजे मुलगी आहे ती आईमुळे आहे. हेही मी कुणाला बोललो नाही.

कोपर मोडलं होतं. हाड जिथून वाढतं तिथेच मोडलंय, असं डॉक्टर म्हणाले. दोन ऑपरेशनं झाली. हात चालतो, लिहिता येतं, सगळं करता येतं, पण सरळ होत नाही. कोपरात कायमचा एक कोन राहिला आहे.

पण मला सांगायचं आहे ते हॉस्पिटलच्या पॅसेजमधलं.

माझी आई धावत आली. 'कसं झालं रे? कसं झालं?' असं चारचारदा विचारत होती. बायको भिंतीला टेकून उभी होती, साडीला ग्रीस लागलेलं. मी म्हणालो, 'दांडा हिच्या पोटाला अडला, म्हणून खाली बसला नाही.'

यातला एक शब्दही खोटा नाही. म्हणून तर ते वाक्य मला इतकं सहज सुचलं असावं.

आई बायकोकडे वळली. 'कितीदा सांगितलं, अंग सुटतंय, जरा तोंडावर ताबा ठेव. बघ आता. तुझं पोट आडवं आलं पोरीला.'

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हे खरं आहे का, एवढंच विचारल्यासारखं. माझ्या हातात कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा होता. मी खाली मान घालून तो फोडत राहिलो.

तिने विचारलं ते तेवढंच. त्यानंतर कधी नाही.

पंधरा दिवसांत मी मामांकडून सगळ्या बाकांचे दांडे कापून घेतले. प्रत्येक जागेला वेगळा दांडा, वेगळं कुलूप. मगच राईड लोकांसाठी उघडली. आजही ती चालू आहे आणि आजवर कुणाला साधं खरचटलं नाही. शेठनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. स्वतःच्या घरावर आलेलं असताना इतरांच्या पोरांचा विचार केला, म्हणाले. शेवटचा दांडा झाल्यावर मामांनी वेल्डिंगचा चष्मा वर करून विचारलं, 'वहिनीला ठाव हाय का, दांडं बदललं ते?'

'सांगतो,' मी म्हणालो.

बायको पार्कात पुन्हा आली नाही. मी सांगितलं नाही.

आधी तिने भात सोडला. मग भाकरी. मग मासे तळणं बंद झालं, आमच्यासाठी करायची पण स्वतः ताटात घ्यायची नाही. मोऱ्याला माहेरी गेली की तिची वहिनी रडायची, 'वन्सं, काय झालंय तुमाला, आमच्या घरच्या वाटत नाय तुमी.' पहाटे वडाळे तलावाला फेऱ्या मारायला लागली. आधी चार, मग आठ, मग बारा. बांगड्या सैल झाल्या तेव्हा माझी आईसुद्धा म्हणाली, 'पुरे आता गं.' ती थांबली नाही. रिक्षात ती मुलीच्या शेजारी बसायची नाही, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जागा नसली तर दुसरी रिक्षा करायची. लग्नाच्या पंगतीत मुलगी एका रांगेत, ही समोरच्या. लोकांना वाटायचं मायलेकींचं बिनसलंय. घरी मात्र मुलीच्या डाव्या हाताला रोज तेल लावायची, डॉक्टरांनी थांबवा म्हटल्यावरही.

तिचं ते हसणंही त्याच सुमारास कधीतरी गेलं. नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्या वेळी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

मी सांगितलं का नाही? पहिल्या वर्षी भीती वाटली की ती मला सोडून जाईल. नंतर वाटलं, आता तिने बरंच वजन उतरवलंय, तब्येत चांगली झालीय, आता उकरून काय करायचं. असलंही मी स्वतःला पटवलं होतं. मामा दरवर्षी गणपतीला आमच्याकडे यायचे. बायको मोदकांचं ताट ठेवून आत गेली की हळूच विचारायचे, 'सांगितलात?' मी नकारार्थी मान हलवायचो. मामा मोदक तसाच ठेवून उठायचे. बारा वर्षांत त्यांनी आमच्या घरचा मोदक खाल्ला नाही. बायकोला वाटायचं त्यांना साखरेचा त्रास आहे.

कंपनीचा माणूस येऊन गेला त्याच आठवड्यात मामा निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं. गेटपर्यंत सोडायला गेलो तर म्हणाले, 'साहेब, आता मी इचारायला येनार नाय. तुमचं तुमी बगा.'

त्या रविवारी मी बायकोबरोबर तलावावर गेलो. ती पुढे, मी मागे, धाप लागलेली. डोक्यावरून नव्या विमानतळाचं विमान अगदी खालून गेलं, तिने वर पाहिलंही नाही. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, 'जरा थांब. मला बोलायचंय.'

'चालता-चालता बोला. थांबले की पाय जड होतात.'

मी चालता-चालताच सांगितलं. राईड मी निवडली, दांड्याचा दोष होता, मामांनी आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिने पाय उचलणं थांबवलं नाही.

'मामांनी शिकवून पाठवलंय ना?' ती म्हणाली. 'भला माणूस आहे.'

'अगं, खरं सांगतोय. तुझं वजन काही का असेना, तो दांडाच चुकीचा होता. मी नंतर सगळे बदलून घेतले.'

'घ्यायलाच हवे होते. माझ्यासारख्या अजून चार येतील ना.'

'मी पाहिलं होतं,' मी म्हणालो. 'दांडा लावताना. वीतभर फट होती तिच्या मांडीवर. मला दिसली. तरी मी हात केला.'

आता ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. तिने पदराने माझं कपाळ पुसलं.

'अहो, किती वर्षं मनाला लावून घेणार? मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय, ते कळत नाही का मला? तुम्हाला फट दिसली असती तर तुम्ही हात केला असता? आपल्या पोरीसाठी? पंचवीस वर्षं बघतेय तुम्हाला.'

'पण मी केला.'

'बास,' ती म्हणाली. 'बसा तिकडे पायरीवर. चेहरा बघा कसा झालाय. मी उरलेल्या फेऱ्या मारून येते.'

आणि ती निघून गेली. भराभर. नऊ फेऱ्या उरल्या होत्या. मी पायरीवर बसून त्या मोजल्या.

मुलगी पुण्याला शिकते. त्या शनिवारी-रविवारी ती घरीच होती. संध्याकाळी तिला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. खांबाशी बॅग ठेवून आम्ही उभे होतो. मी तिलाही सांगितलं. तिच्या हाताकडे न बघता, भरभर, एका दमात. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

'मला माहितीये, बाबा,' ती म्हणाली.

'काय माहितीये?'

'तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, आईला घट्ट धरून बस, सोडू नकोस. एरवी तुम्ही असं कधी म्हणायचात? आकाशपाळण्यात एकटी बसवायचात मला. तेव्हा लहान होते, नाही कळलं. नंतर कळलं.'

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण तिने सांगितलं तसंच झालं असणार.

'मग तू आईला...'

'सांगितलं ना. आठवीत असताना. ती भात खात नव्हती म्हणून भांडण झालं आमचं, तेव्हा म्हटलं, तुझी चूक नव्हती, बाबांना माहीत होतं.'

'मग?'

गाडी लागली. लोक दाराशी ढकलाढकली करायला लागले. तिने बॅग उजव्या खांद्यावर घेतली.

'तिने मला मारलं,' ती म्हणाली. 'आयुष्यात एकदाच मारलंय आईने मला. बाबांबद्दल असं पुन्हा बोललीस तर बघ, म्हणाली. मग तीच रडत बसली. मी परत विषय काढला नाही. तुम्हीपण आता काढू नका.'

ती गाडीत चढली. खिडकीची जागा मिळाली नसावी, कारण मला ती दिसली नाही. मी गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो आणि मग घरी गेलो. बायकोने जेवण वाढून ठेवलं होतं. माझ्या ताटात दोन भाकऱ्या होत्या. तिचं ताट नव्हतं.